धाब्यावरची माती

एकदा एका नगरात एक व्यापारी राहत होता आणि तो जमिनीखाली भुयारे खणत असे. त्याच्याविषयीची निश्चित माहिती एवढ्या एका वाक्यात संपते. बाकी सारी लोकांची मते होती, आणि मतांची त्या नगरात कधीच टंचाई नव्हती.

व्यापारी धान्याचा. लोक त्याला शेटजी म्हणत. दुकान त्याने केव्हाच पुतण्याच्या स्वाधीन केले होते. पत्नी निवर्तली होती, मूलबाळ नव्हते. मागच्या खोलीतून एक उतार जमिनीत जात असे. न्याहारी झाली की शेटजी कुदळ, टोपली आणि दिवा घेऊन त्या उतारावरून खाली जात आणि दिवेलागणीच्या आत मातीने माखून वर येत. हे बरीच वर्षे चालले होते आणि सर्वांना ठाऊक होते. ठाऊक असूनही कोणी काही बोलत नसे. एखाद्याला सोंगट्यांचा नाद असतो, एखाद्याला लग्ने जुळवण्याचा. त्या मानाने हा नाद शेजाऱ्यापाजाऱ्यांना फारच निरुपद्रवी वाटे.

मग साळूबाईची भट्टी खचली.

साळूबाई ही शेजारची विधवा. ती चणे-फुटाणे भाजून विके. एके दिवशी सकाळी ती हरभरे परतत असताना भट्टी, कढई आणि हरभरे असा सगळा संसार डोळ्यांदेखत जमिनीत गेला. ती हातात झारा घेऊन खड्ड्याच्या काठाशी बसून राहिली. काही वेळाने खालून शेटजींचा शांत आवाज आला, "कढई वर देतो. कडी फडक्याने धरा, तापलीय."

त्या दिवसापासून नगरातल्या प्रत्येकाला आपापल्या घरात काही ना काही खचलेले आढळू लागले. सोनाराच्या ओट्याला चीर होती. वैद्यांच्या अंगणातले तुळशीवृंदावन दक्षिणेला कलले होते. एका गृहस्थाच्या म्हशीने दूध कमी केले, त्याचाही दोष भुयारांकडे गेला. सर्वांची मागणी एकच होती : शेटजींना नगराबाहेर घालवावे आणि घराला कुलूप ठोकावे. शेटजी जाणार कुठे, हा प्रश्न कोणाला पडला नाही. पुतण्याने मात्र तो पडण्याआधीच उत्तर देऊन टाकले होते. काका माझ्याकडे नकोत, म्हणाला, मी नुकतीच नवी फरशी घातली आहे.

पंचांनी निर्णय न घेण्याची आपली जुनी परंपरा पाळून हे प्रकरण मठातल्या वृद्ध आचार्यांकडे पाठवले. आचार्यांनी सारे ऐकून घेतले आणि ते प्रकरण आपल्या शिष्याकडे सोपवले. बाजाराच्या दिवशी लोक मठात जमतील, शेटजी राहणार की जाणार ते तू सांगायचे, एवढेच ते म्हणाले.

हा शिष्य कोवळा पोरगा नव्हता. तिशी उलटलेला, तर्कशास्त्रात मुरलेला, आणि आपण मुरलो आहोत याची त्याला पुरेपूर जाणीव होती. कार्य आहे तेथे कारण असलेच पाहिजे, हा त्याचा सिद्धांत. माती, कुंभार आणि चाक यांपासून घट कसा उत्पन्न होतो हे त्याला झोपेतही सांगता आले असते. खड्डा कसा उत्पन्न होतो याविषयी मात्र शास्त्रे गप्प होती. तरी त्याला चिंता वाटली नाही. शेटजी का खणतात हे एकदा कळले, की राहावे की जावे हे आपोआप ठरेल, असा त्याचा हिशेब होता.

त्याने प्रथम लोकांना विचारले. सोनार म्हणाला, मोहरांचा हांडा पुरलेला असणार, दुसरे काय. वैद्य म्हणाले, उष्णतेचा विकार आहे, मेंदूला गारवा लागतो. एका पंचाने खासगीत सांगितले, की शेटजी शत्रूला वाट करून देत आहेत. शत्रू कोण, हे त्या पंचालाही ठरवता आले नाही. साळूबाईने प्रश्न ऐकून घेतला आणि म्हणाली, "का खणतात ते तुम्ही शोधा. मी भट्टी कुठे मांडू ते सांगता का?" शिष्य शेटजींच्या घराकडे वळला.

शेटजींच्या दारात त्याला खोळंबावे लागले. त्या नगरातली घरे धाब्याची. तुळयांवर किलच्या म्हणजे लाकडी पट्ट्या, किलच्यांवर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी सपाट छपरे. दर उन्हाळ्याच्या शेवटी या धाब्यावर नव्या पांढऱ्या मातीचा हात दिला नाही, तर पावसाळ्यात घर गळणार हे ठरलेले. पावसाला आता थोडेच दिवस होते. शेटजींच्या ओट्यापाशी पांढऱ्या मातीचा मोठा ढीग होता आणि बायामाणसे टोपल्या भरभरून तो नेत होती. सोनाराचा गडी होता, वैद्यांची सून होती. तक्रार तक्रारीच्या जागी, गळती गळतीच्या जागी. शेटजी अंघोळ करून, धुतलेले धोतर नेसून ढिगापाशी उभे होते आणि प्रत्येकाला विचारत होते, पुरेल ना, अजून एक टोपली घ्या, सासूबाईंचं गुडघ्याचं कसं आहे. एरवी वर्षभर त्या दाराकडे कुत्रे फिरकत नसे. या दिवसांत तेथे जत्रा भरे. शिष्याने धोतराचा सोगा वर धरला, ढिगाला वळसा घातला आणि या क्षुल्लक गर्दीमुळे आपला वेळ गेला याची मनाशी नोंद केली.

गर्दी पांगल्यावर शेटजी त्याला भुयारात घेऊन गेले.

शिष्याला वाटले होते, उंदराची बिळे असतील. पाहतो तो छत कमानदार, भिंती हाताने गुळगुळीत केलेल्या, ठिकठिकाणी दिव्यासाठी कोनाडे. एका वाटेला दोन फाटे, फाट्यांना उपफाटे. एक वाट वैद्यांच्या अंगणाखाली संपे, एक बाजारपेठेखाली वळसा घेऊन पुन्हा आपल्याच पोटात येई. कुठलीही वाट बाहेर निघत नव्हती. हांडा नव्हता, देव नव्हता, शत्रूही नव्हता. एका वळणावर मातीत कोरलेले दोन ओटे समोरासमोर होते.

"इथे कोण बसतं?" शिष्याने विचारले.

"मी."

"आणि समोरच्यावर?"

शेटजींनी विचार केला. "कधी कधी त्याच्यावर बसतो."

खणता का, या प्रश्नाला त्यांनी पहिल्या दिवशी उत्तर दिले, की आपण धान्य साठवायला एक पेव खणायला घेतले होते. ते वाकडे झाले, म्हणून सरळ करायला गेलो. शिष्याला हे पटण्याजोगे वाटले. पण दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, उन्हाळ्यात खाली बरे वाटते. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाले, माती मऊ लागली, हात थांबेना. तिन्ही कारणे एकमेकांशी जुळत नाहीत हे शिष्याने त्यांच्या नजरेस आणून दिले. शेटजी ओशाळले. आपण आठवून आठवून खरेच सांगतो आहोत, पण इतकी वर्षे झाली, नक्की कोणते ते आपल्यालाही सापडत नाही, असे म्हणाले. मग त्यांनी नम्रपणे विचारले, "महाराज, आपण शास्त्र शिकता ते कशाला?"

"ज्ञानासाठी."

"पुष्कळ वर्षं झाली असतील?"

"झाली."

"मग बाहेर कुठे निघालात?"

शिष्य उतार चढून वर आला तेव्हा त्याला ऊन जरा जास्तच लागले.

बाजाराचा दिवस उजाडला. रात्रभर तळमळून शिष्याने निर्णय बांधला होता. या कार्याला कारण नाही. कारणावाचून कार्य करणे म्हणजे वेड. वेडा माणूस नगराखाली असणे हे नगराला घातक. म्हणून शेटजींनी जावे. साखळीत कुठे फट नव्हती, तरी तिच्यावर भार टाकायला त्याचे मन धजत नव्हते. म्हातारा माणूस कुठल्या धर्मशाळेच्या ओसरीवर मरेल, हे त्या साखळीत कुठे बसत नव्हते आणि डोक्यातूनही जात नव्हते. आचार्यांना एकदा विचारावे म्हणून तो त्यांच्या खोलीकडे गेला, तर खोली रिकामी. मठाच्या अंगणात धुळीचा लोट उठला होता.

आचार्य धाब्यावर होते. कास्टा मारून, डोक्याला पंचा गुंडाळून ते खोऱ्याने छपराची माती ओढत होते आणि कडेवरून खाली अंगणात ढकलत होते.

शिष्य धावत शिडी चढला. पाऊस तोंडावर आला आहे, याच छपराखाली पोथ्यांचे गाठोडे आहे, सारे नगर छपरावर माती चढवत असताना आपण ती उतरवता आहात, असे त्याने एका दमात सांगितले. आचार्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "बोलायला आला असशील तर बैस. कामाला आला असशील तर खाली जाऊन टोपली भर."

एव्हाना लोक जमू लागले होते. न्याय ऐकायला नेसून-सवरून आलेल्या मंडळींच्या पागोट्यांवर धूळ बसत होती. कोणी म्हणाले, वय झाले. वैद्यांनी खालूनच निदान केले, की पित्त मस्तकात गेले आहे. सोनार हलकेच म्हणाला, आता यांचा न्याय तो काय ऐकायचा. पण घरी मात्र कोणी गेले नाही. शेटजी फाटकाशी एकटेच उभे होते. त्यांनी एक लहानसे गाठोडे बरोबर आणले होते. आपल्याला इथूनच जावे लागेल, असे त्यांनी धरले असावे. ते गाठोडे पाहून शिष्याला आपली साखळी आठवली आणि त्याने टोपली भरायला सुरुवात केली. दुसरे काय करावे ते त्याला सुचत नव्हते.

आचार्य शिडी उतरले आणि चालू लागले. त्यांच्यामागे डोक्यावर टोपली घेतलेला शिष्य, आणि त्याच्यामागे गोंधळलेले सारे नगर. हे कुठे चालले आहेत, असे मागचे पुढच्यांना विचारत होते आणि पुढचे खांदे उडवत होते. मिरवणूक साळूबाईच्या अंगणात, खचलेल्या भट्टीच्या खड्ड्यापाशी येऊन थांबली.

"ओत," आचार्य म्हणाले.

शिष्याने टोपली रिकामी केली. एवढ्या मोठ्या खड्ड्यात एवढीशी माती पडली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

"आचार्य, मला कळलं नाही," शिष्य म्हणाला. असे चारचौघांत म्हणण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

आचार्यांनी कपाळ पुसले. "ही माती माझ्या डोक्यावर होती. ती इथली आहे. पूर्वी धाब्याची माती टेकडीवरून आणायला लागायची, गाढवं न्यायची, अर्धा दिवस मोडायचा. मग ती शेटजींच्या दारात मिळायला लागली. मठातही दर उन्हाळ्यात आली. मी आनंदाने घेतली आणि ती निघते कुठून, हे एकदाही विचारलं नाही. शेटजींनी तरी ती आकाशातून आणली नव्हती. त्यांनी आपल्या पायाखालून काढली आणि आपण ती उचलून डोक्यावर नेऊन ठेवली. खाली पोकळ झालं, वर जड झालं. आता त्या दोहोंच्या मध्ये बसून आपण विचारतोय, हा माणूस असं का करतो. बाबांनो, फुकटच्या ढिगाचा खड्डा कुठेतरी असतोच. तो आपल्या घराखाली नसेल, एवढीच आपली श्रद्धा असते."

वैद्यांच्या सुनेने जाताना माती न्यावी म्हणून आणलेली रिकामी टोपली पाठीमागे घेतली. धाब्यावर थरावर थर चढवल्याने आपल्या घरच्या तुळया हल्ली कुरकुरतात, हे अनेकांना त्याच क्षणी आठवले असावे. निदान तसे चेहरे झाले.

अखेर सोनार म्हणाला, "पण महाराज, खणलं तर त्यांनीच ना?"

"खणलं त्यांनी. नेली आपण. कोणाच्या पदरात काय घालायचं ते हा सांगेल," असे म्हणून आचार्य साळूबाईच्या पायरीवर बसले आणि त्यांनी प्यायला पाणी मागितले.

सर्वांच्या नजरा शिष्याकडे वळल्या. त्याने बांधून आणलेला निर्णय अजून जसाच्या तसा मनात होता. फक्त तो दुसऱ्याच कुठल्या तरी नगराचा आहे असे त्याला वाटू लागले. कारण सापडले नव्हते ते नव्हतेच. पण इतके दिवस आपण एकाच माणसाला का म्हणून विचारत हिंडलो, आणि ज्यांनी नेले त्यांतल्या एकालाही का विचारले नाही, याचेही कारण त्याला सापडत नव्हते.

"शेटजी का खणतात, ते मला समजलेलं नाही," तो म्हणाला. "तेव्हा त्या कारणावरून मी त्यांना घालवू शकत नाही. त्यांनी आजपासून खणू नये. ज्यांनी ज्यांनी माती नेली त्यांनी धाब्यावरचे जादा थर उतरवून आणावेत, आणि शेटजींनी भुयारं भरावीत. सुरुवात साळूबाईंच्या भट्टीपासून. आणि काम पुरं होईपर्यंत शेटजींना नगर सोडून जाता येणार नाही."

हाकलून द्यायला आलेल्या लोकांना हा निकाल नीट कळायला थोडा वेळ लागला. एकजण म्हणाला, थर उतरवले तर यंदा घर गळेल. थोडे गळेल, आचार्य पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाले. मग लोक आपसात बोलू लागले, कोणाकडे किती थर असतील, कोणाच्या माळवदावर शिडी पोचेल, खोरे कोणाकडे मागावे. तक्रारीचे गाव कामाच्या वाटाघाटीला लागले, म्हणजे ते बहुधा तयार झालेले असते.

या साऱ्यात शेटजी तसेच उभे होते. घर राहिले, नगर राहिले, तरी त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव नव्हता. त्यांनी गाठोडे या हातातून त्या हातात घेतले आणि शिष्याजवळ येऊन खालच्या आवाजात विचारले, "म्हणजे आता... पुढल्या उन्हाळ्यात माती न्यायला कोणी येणार नाही?"

शेटजींनी इतके दिवस दिलेल्या सगळ्या कारणांत हे वाक्य नव्हते, आणि ते आता आपण उच्चारले आहे याची त्यांना स्वतःलाही कल्पना नसावी. ते खरोखरच उत्तराची वाट पाहत होते.

उत्तर साळूबाईने दिले. "माती कशाला हवी? फुटाणे भाजले की मूठभर घेऊन येईन मी. तुम्हीही या की इकडे, दारात बसायला कोण नको म्हणतंय? पण येता-जाताना मध्ये हा खड्डा आहे, शेटजी. आधी तो भरा."

शेटजींनी खड्ड्याकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. गाठोडे त्यांनी तिच्या पायरीवर ठेवले आणि शिष्यापुढे दोन्ही हात करून रिकामी टोपली मागितली.

शिष्याने ती दिली. खणण्याचे कारण त्यांना अखेरचे एकदा विचारावे म्हणून त्याने तोंड उघडले होते. ते त्याने मिटले आणि दुसरी टोपली आणायला तो मठाकडे चालू लागला.